तीन नंबरच्या खांबावरचं कुलूप

खोकी वाहणारा पट्टा सुरू करायच्या आधी मिस्त्री त्याच्या कडेच्या पत्र्यावर उजवा तळहात टेकवायचे, मान थोडी वाकवायचे आणि मोठ्यानं ओरडायचे, "कोन हाय का आत?" असं तीनदा. दर हाकेनंतर थांबायचे. कुणी ओ दिली नाही की अंगठा वर करायचे, आणि मग आम्ही बटण दाबायचो.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? एवढंच, की त्या पट्ट्याला 'आत' नावाची जागाच नव्हती. उघड्या शेडमध्ये कमरेइतक्या उंचीवर मांडलेले रोलर, खालून आरपार दिसायचं. मांजर जरी बसलेलं असतं तरी आम्हाला बसल्या जागी दिसलं असतं. शिवाय सुरू होताना भोंगा वाजायचा तो वेगळाच. तरी यांची हाक चुकायची नाही. एकदा बाहेरचे पाहुणे शेड बघायला आले असताना मिस्त्रींनी हाक दिली. पाहुण्यांनी विचारलं, हे काय म्हणतायत? आमचे मोठे साहेब म्हणाले, "आमच्याकडची प्रार्थना आहे ती." पाहुण्यांनी हात जोडले. मिस्त्रींनीही जोडले.

आमचं गोदाम सुप्याच्या एमआयडीसीत. मोबाईलवर बोट दाबून लोक जे जे मागवतात, मिक्सरपासून चपलांपर्यंत, ते आमच्याकडे येतं, खोक्यात बसतं आणि ट्रकनं पुढं जातं. मी तिथं शिफ्ट इन्चार्ज. मूळचा श्रीरामपूरचा, डिप्लोमावाला, आणि स्वतःला जरा हुशार समजणारा. हा शेवटचा गुण लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

मिस्त्री आमचे फिटर. पन्नाशी ओलांडलेले, पाथर्डीकडचे, ठेकेदारामार्फत आलेले. आईबाप ऊसतोडीला जाणारे. हे मात्र एका साखर कारखान्यात गव्हाणीवर चिकटले आणि कोयत्यातून सुटले. गव्हाण म्हणजे जिथं गाडीतला ऊस साखळीवर पडतो आणि कारखान्यात ओढला जातो, ती जागा. तिथं वीस वर्षं काढली. पुढं तो कारखाना बंद पडला आणि मिस्त्री आमच्या पट्ट्यावर आले. "तिथं ऊस जायाचा, हितं खोकी जात्यात," ते म्हणायचे. "ओढायचं काम तेच हाय."

या पट्ट्याबद्दल थोडं सांगायला हवं. तो एकसंध नाही. सहा-सहा फुटांचे तुकडे आहेत, प्रत्येकाच्या पायांना चाकं. दोन तुकडे जवळ आणायचे, खीळ अडकवायची, वायरींची टोकं एकमेकांत घालायची, झाली लाइन. आज सरळ हवी तर सरळ. उद्या माल वाढला तर वळवून दुसऱ्या दाराशी न्या. बसवायला आलेला पुण्याचा इंजिनियर म्हणाला होता, "सर, आजवर तुम्ही शेडच्या मनाप्रमाणे वागलात. आता शेड तुमच्या मनाप्रमाणे वागेल." आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

आणि हा पट्टा सारखा फिरतही नाही. वीज वाचावी म्हणून गप्प असतो. खोकं जवळ आलं की तेवढाच तुकडा जागा होतो, खोकं पुढं सरकवतो, पुन्हा गप्प. नव्या माणसाला वाटतं, बंद आहे. कुणी त्यावर कोपर टेकतं, कुणी जेवणाचा डबा ठेवतं. मिस्त्रींना ते दिसलं की लांबून आवाज यायचा, "थांबलाय तो. मेला न्हाई."

हे वाक्य शेडमध्ये इतकं रुळलं की गेटवरचा वॉचमन दुपारी खुर्चीत पेंगायला लागला की पोरीसुद्धा एकमेकींना सांगायच्या, "थांबलाय गं, मेला न्हाई." मिस्त्री त्यावर हसायचे. स्वतःच्या वाक्यावर ते हसायचे, हाकेवर मात्र कधी नाही.

तीन नंबरच्या लाइनवर मंगल नावाची बाई पॅकिंगला होती. जवळच्याच गावची, नवरा टेम्पो चालवणारा, आणि तोंड असं की मोठे साहेबही तिच्या टेबलाजवळून जाताना मोबाईल कानाला लावायचे. मिस्त्रींवर तिचा जीव होता. म्हणूनच त्यांची सगळ्यात जास्त टिंगल तीच करायची. मिस्त्री डब्यात ज्वारीची भाकरी आणि ठेचा आणायचे, त्यातली अर्धी भाकरी हिची. हिच्या बाटलीतलं अर्धं ताक त्यांचं.

मिस्त्रींकडे एक पत्र्याची डबी असायची, सेफ्टी पिनांनी भरलेली. कामावर नवी बाई आली की पहिल्या दिवशी तिच्या हातात दोन पिना ठेवायचे. एक पदराला, एक निऱ्यांना. "आवो, आहेर दोन पिनांचा?" मंगल म्हणायची. "निदान चोळीचा खण तरी द्या."

"खण नंतर. आधी पदर खोच."

एके दिवशी सकाळी त्यांची हाक चालू होती. "कोन हाय का आत?" दुसऱ्या हाकेला मंगल म्हणाली, "कोन असंल मिस्त्री? तुमचा मेव्हना बसलाय जनू!" सगळे हसले. मीही हसलो. मिस्त्री वळले, तिच्याकडं पाहिलं, आणि तिसरी हाक दिली ती इतक्या हळू की पुढच्या टेबलापर्यंत गेली नाही. त्या दिवशी त्यांनी भाकरी तिच्यापुढं ठेवली, पण स्वतः जेवले नाहीत. मंगलनं ताकाची बाटली तशीच परत नेली. तिला काय चुकलं ते कळलं नव्हतं, आणि मलाही नाही.

आता कुलपाबद्दल. आमच्या शेडमध्ये खांबाखांबावर मेन स्विच आहेत. जी लाइन ज्या खांबाजवळ, तिला त्या खांबावरून वीज. तीन नंबरची लाइन तीन नंबरच्या खांबावर. पट्ट्यात हात घालायची वेळ आली की मिस्त्री आधी खांबावरचा स्विच खाली पाडायचे आणि त्याला स्वतःचं पितळी कुलूप घालायचे. किल्ली करदोट्याला बांधलेली. कंपनीनं लाल प्लॅस्टिकची कुलपं दिली होती, ती खोक्यात तशीच पडून. काम झालं की बाहेर येऊन कुलूप स्वतःच्या हातानं काढायचे. ते कधी विसरले नाहीत, आणि किल्ली कधी दुसऱ्याच्या हातात दिली नाही. मी एकदा मागितली होती, घाईत होतो म्हणून. म्हणाले, "ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, सर. दुसऱ्यानं काढलं की मानूस आत ऱ्हातो."

खांडेनवमीला आम्ही मशिनींची पूजा केली तेव्हा मोठ्या साहेबांनी कॉम्प्युटरला नारळ वाहिला. मिस्त्रींनी ते कुलूप धुऊन पाटावर ठेवलं आणि हळदीकुंकू लावलं. मंगल म्हणाली, "घराला काय लावता मग?" ते म्हणाले, "घरात काय चोरायचंय? कडी बास हाय."

दसरा झाला आणि दिवाळीचा माल सुरू झाला. आठवड्यातून दोनदा लाइनी हलायला लागल्या. आणि इथंच मिस्त्रींचं आणि आमचं बिनसायला लागलं. लाइन हलवायला लागायचा अर्धा तास, आणि हलवल्यावर मिस्त्रींची फेरी चालायची पाऊण तास. ते प्रत्येक लाल बटणापाशी जायचे. दर दोन-तीन तुकड्यांमागं एक लाल बटण असतं, अडचणीत दाबायला. लाइन चालू करायला लावायची, बटण दाबायचं, समोरचा पट्टा थांबला का ते डोळ्यांनी बघायचं, मगच पुढच्या बटणाकडं. तीन नंबरला अशी एकवीस बटणं होती. मोठे साहेब घड्याळ बघत उभे राहायचे. पुढं त्यांनी फर्मान काढलं, लाइन जेवणाच्या सुट्टीत हलली पाहिजे आणि सुट्टी संपली की चालली पाहिजे.

त्या शुक्रवारी सुट्टी संपली तेव्हा मिस्त्री चौथ्या बटणापाशी होते. त्यांनी बटण दाबलं. तीन नंबरची लाइन चालूच राहिली. शेडच्या पलीकडच्या टोकाला एक नंबरची लाइन मात्र गपकन थांबली.

आमच्या सगळ्यांच्या लक्षात यायला वेळ लागला. झालं होतं असं: हा तुकडा आधी एक नंबरच्या लाइनमध्ये होता. आम्ही तो इकडं आणून जोडला, पण बटणाचा निरोप आधी कॉम्प्युटरकडं जातो, आणि कॉम्प्युटरच्या लेखी तो तुकडा अजून तिकडंच होता. मी हे मिस्त्रींना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हंजी हितं मानूस बोंबलनार, आन् थांबनार तिकडचा पट्टा?"

"तेवढ्यापुरतं, मिस्त्री. पुण्याला फोन केलाय, ते बदलतायत."

"अशी किती हायत?"

"एकच असेल."

"असंल?" ते म्हणाले. त्यांनी तीन नंबरच्या खांबावरचा स्विच खाली पाडला, कुलूप घातलं, आणि शर्ट वर करून किल्ली करदोट्यात खोचली. "एकवीसच्या एकवीस माज्या डोळ्यांदेखत दाबून बगायचं कबूल करा. म्या माज्या हातानं खोलतो." आणि दाराजवळच्या फळकुटावर जाऊन बसले.

बाहेर ट्रक उभे. मोठे साहेब लालबुंद. कटर मागवा म्हणाले. मला ते बरं वाटेना. माणूस समोर बसलेला असताना त्याचं पूजा केलेलं कुलूप तोडायचं? आणि त्याच वेळी माझ्या हुशार डोक्यात ती गोष्ट आली. मला आजही ते वाक्य जसंच्या तसं आठवतं, कारण ते बोलताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं. मी म्हणालो, "साहेब, कुलूप कशाला तोडायचं? पट्ट्याला चाकं आहेत. सात नंबरच्या खांबावर नेऊ."

साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. चाळीस मिनिटांत अख्खी लाइन, मंगलच्या टेबलासकट, सात नंबरच्या खांबाजवळ जाऊन उभी राहिली. नवी वायर, नवा स्विच. पुण्याहून फोन आला की ते एक बटण दुरुस्त केलंय. मी ते दाबून पाहिलं, थांबलं. त्याच्या शेजारचं दाबलं, तेही थांबलं. मागं खोक्यांची रांग लागली होती. तपासणीच्या कागदावर एकवीस रकाने होते. मी एकवीस बरोबरच्या खुणा केल्या आणि खाली सही केली.

मिस्त्री फळकुटावरून उठून आले. ते आधी तीन नंबरच्या खांबापाशी गेले. आजूबाजूची जमीन मोकळी, नुसते चाकांचे ओरखडे. त्यांनी कुलूप एकदा ओढून पाहिलं.

"कुलूप हाय तसंच हाय, सर," ते मला म्हणाले. "घरच हाललं."

आवाजात राग नव्हता, आणि राग नव्हता म्हणून मला जास्त भीती वाटली. मग ते सात नंबरला गेले, चालू पट्ट्याच्या पत्र्यावर हात टेकवला आणि ओरडले, "कोन हाय का आत?" त्या दिवशी कुणी हसलं नाही. तिसऱ्या हाकेनंतर ते पुष्कळ वेळ थांबले. जाताना मंगलच्या टेबलावर त्यांनी ती पिनांची डबी ठेवली. "बटनाच्या भरवशावर ऱ्हाऊ नको," म्हणाले. "हात घालायचा तर आधी खांबाकडं पळ."

"उद्या येनार का न्हाई?" तिनं विचारलं.

ते दाराकडं चालू लागले. ठेकेदारानं त्यांना संध्याकाळीच फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं. तो फोन करायला मीच सांगितलं होतं, म्हणजे साहेबांनी मला सांगितलं आणि मी ठेकेदाराला. खाली उतरणाऱ्या हुकमाला आमच्याकडं असे जिने असतात.

बारा दिवस काही झालं नाही. बाराही दिवस मी मनात म्हणत होतो, बघा, काही झालं का?

तेराव्या दिवशी दुपारी मी टेबलाशी होतो. समोर एक नंबरची लाइन अचानक थांबली आणि तिच्यावरचा लाल दिवा लागला. कुणीतरी बटण दाबलं होतं. मी धावलो. माझ्यामागं आणखी चौघं धावले. एक नंबरवरच्या पोरी आमच्याकडं बघतायत, आम्ही त्यांच्याकडं. कुणाला काही झालेलं नव्हतं. "कुणी दाबलं?" मी ओरडलो. "आमी न्हाई दाबलं, सर." तेव्हा कुठं मला पलीकडून ओरडणं ऐकू आलं, आणि ते पहिल्यापासून चालू असणार हेही कळलं.

तीन नंबरच्या लाइनच्या टोकाला खोकी वर चढवणारा एक जाड पट्टा आहे, त्याची मोटर दांडगी. तिथल्या फटीत एका खोक्याची घडी अडकली होती. पट्टा गप्प होता. मंगलनं ती ओढायला हात घातला. मागून एक खोकं आलं आणि तुकडा जागा झाला. तिच्या पदराला पिना होत्या. निऱ्यांनाही होत्या. धरली गेली ती वरून घातलेल्या निळ्या कोटाची बाही, कंपनीच्या कोटाची. डाव्या हातानं तिनं लाल बटण दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं. ते एकवीसमधलं नववं बटण होतं.

मी खांबाकडं पळालो. तीन नंबरच्या लाइनचा स्विच तीन नंबरच्या खांबावर, ही दोन वर्षांची सवय पायांत होती. खांबापाशी पोचलो तर स्विच खाली पडलेलाच. वर पितळी कुलूप. आणि मागं पट्टा चालू. मी ते कुलूप दोन्ही हातांनी धरून किती वेळ उभा होतो मला सांगता येणार नाही. फार नसेल. मग कुणीतरी सात नंबरचा स्विच पाडला.

मंगलचा जीव वाचला. उजव्या हाताची तीन बोटं गेली, आणि उरलेली दोन तिचं ऐकत नाहीत. नगरच्या दवाखान्यात मी तिला भेटायला गेलो तेव्हा ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "सर, म्या बटन दाबलं हुतं. तेवढं लिवा."

कारण कागदावर ते नव्हतं. कॉम्प्युटरमधून निघालेल्या कागदावर लिहिलं होतं की त्या वेळी तीन नंबरच्या लाइनवर एकही बटण दाबलं गेलं नाही. अहवालात त्याचं वाक्य झालं: बाईंनी निष्काळजीपणे चालू पट्ट्यात हात घातला आणि आपत्कालीन बटणाचा वापर केला नाही. त्याला जोडलेला होता माझा एकवीस खुणांचा कागद. एवढ्या बडबड्या बाईचं तोंड बंद करायला तो एक कागद पुरला, आणि तो माझ्या अक्षरातला होता.

दिवाळी झाली. तपासणीला सरकारी माणसं येणार असं कळलं. मोठे साहेब शेडमधून फिरले आणि तीन नंबरच्या खांबापाशी थांबले. "हे अजून इथं कसं? कापून टाका." मी म्हणालो, नको, मी किल्ली आणतो. मला ते कुलूप कापलेलं बघवलं नसतं, एवढंच तेव्हा माझ्या मनात होतं. बाकी शहाणपण काही नव्हतं.

पाथर्डीपर्यंत एसटीनं गेलो, पुढं वडापच्या जीपनं. गावात शिरलो तर निम्मं गाव बंद. ऊसतोडीच्या टोळ्या गेलेल्या, दारांना कुलपं. मिस्त्रींचं घर मात्र उघडं होतं. दाराच्या कडीत बाभळीची काडी अडकवायची सोय, बस. दारात एक बाई ज्वारी पाखडत बसल्या होत्या. मी नाव सांगितलं, गोदामाचं सांगितलं. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि पाणी दिलं.

"ते न्हाईत, दादा. टोळीसंगं गेल्यात."

"ऊसतोडीला?" मला खरं वाटेना. "मिस्त्री? या वयात?"

"माजं गुडघं गेल्यात, नाहीतर म्या बी गेले असते. भावकीतल्या एकाबरूबर जोडी लावून कोयता केलाय. म्या म्हनलं, फिटर मानूस तुमी, कुटंबी काम मिळंल. तर म्हनले, बटन नसलेलं काम करतो आता."

मंगलचं मिस्त्रींना कळलं होतं. कसं कळलं ते त्या बोलल्या नाहीत. मी त्या हाकेबद्दल विचारलं, ती कारखान्याची पद्धत होती का म्हणून. बाई सुपातले खडे वेचू लागल्या.

"पद्दत न्हवती, दादा. पद्दत असती तर काय पायजे हुतं? माजा भाऊ हुता तिथं, ह्येंच्याच हाताखाली. साखळीत पाचट अडाकलं, ते काडाया खाली उतारला. साखळी थांबलेली. ह्येंला वाटलं, वर आला. बटन ह्येंनीच दाबलं." त्यांनी एक खडा अंगणात टाकला. "म्या ह्येंला एका शब्दानं बोलले न्हाई. आजपतोर न्हाई. तेच ह्येंला सोसत न्हाई."

मला मंगलची ती मेव्हण्याची थट्टा आठवली आणि आपण कसे हसलो होतो तेही आठवलं. मला तिथून उठून पळून जावंसं वाटलं.

"तवापासनं हाक मारत्यात," बाई म्हणाल्या. "घराची कडी लावायची झाली तरी. भाईरनं इचारत्यात, कोन हाय का आत? म्या आतच असते की. म्या ओ देते, मगच कडी लावत्यात. तिकडं फडावर पाचटाच्या कोपीला दार बी नसंल. आन् ओ तरी कोन देनार?"

मग त्या स्वतःहून उठल्या आणि देव्हाऱ्यातून किल्ली घेऊन आल्या. करदोट्याचा काळा दोरा तिला तसाच होता. मी हात पुढं केला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "त्येंनी सांगून ठिवलंय. सर येतील म्हनले, चांगला मानूस हाय, येतील. आले की एक इचार आन् मंग दे." त्यांनी किल्ली मुठीत धरली. "झाली का समदी बटनं दाबून?"

एका शब्दाचं काम होतं. झाली म्हणायचं आणि किल्ली खिशात घालायची. कागदावर मी ते एकवीस वेळा म्हटलं होतं, एकदाही अडखळलो नव्हतो. या बाईंना लाइन माहीत नव्हती, बटण कसं असतं ते माहीत नव्हतं. मी काहीही सांगितलं असतं तरी त्यांनी मानलं असतं.

"नाही," मी म्हणालो. "दोनच दाबली होती."

त्यांनी मान हलवली. रागावल्या नाहीत, मला नावं ठेवली नाहीत. किल्ली पदराच्या टोकाला बांधून गाठ मारली आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

हेच मी पुढं कागदावरही लिहून दिलं: एकवीस नाही, दोन. आणि त्या दुपारी एक नंबरची लाइन थांबली ती मंगलच्या बोटानं थांबली. त्याचं काय होईल, मी नोकरीवर राहीन की नाही, मला माहीत नाही. मोठे साहेब माझ्याशी हल्ली फार गोड बोलतात. कुलूप अजून खांबावर आहे. लाइन तर परवा पुन्हा हलणार आहे, जेवणाच्या सुट्टीत, आणि नवा फिटर हाक मारत नाही.

पण ते नंतरचं. त्या दिवशी बोलणं संपलं, बाई सूप घेऊन घरात गेल्या आणि मी निघालो. वारा सुटला होता, अंगणातला सगळा फुफाटा घरात चालला होता. म्हणून मी वळून दार ओढून घेतलं. कडी वाजली.

मी काही विचारलं नव्हतं. आतून आवाज आला, "हाय, म्या हाय आत."